शंकरपाळ्यांचा डबा

इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला, आमच्या घरांमागे मोकळं रान आहे. त्यातून एक पायवाट ओढ्यापर्यंत जाते. मुलगी बाबागाडीत होती तेव्हापासून मी तिथे रोज फिरायची. आता ती कॉलेजला आहे. जमीन एका म्हाताऱ्या गोऱ्या शेतकऱ्याची. तो वारला, मुलाने ती डेटा सेंटरवाल्यांना विकली आणि वाटेवर जाळी आली. मग कॉलनीने केस टाकली.

आमच्या वकीलबाईंनी सगळ्यांना बसवून समजावलं. लोक वर्षानुवर्षं, उघडपणे, मालकाला न विचारता वाट वापरत असतील, तर तिच्यावर त्यांचा हक्क लागू शकतो. पण मालकाने परवानगी दिली असेल तर हक्क नाही, ती नुसती त्याची मेहेरबानी.

मी खुर्ची हळूच मागे सरकवली.

शेजारच्या नागपूरच्या काकू म्हणाल्या, “अगं, तुझी साक्ष सगळ्यात पक्की. बर्फातसुद्धा जायचीस तू.”

मी आठवीत शाळा सुटलेली बाई. या देशाने घर दिलं, मुलीला शिकवलं. मी बस ड्रायव्हरलाही दोनदा थँक्यू म्हणते. दुसऱ्याच्या जमिनीवरून फुकट चालायचं म्हणजे मला चोरीच वाटायची. म्हणून दर दिवाळीला त्या म्हाताऱ्याला शंकरपाळ्यांचा डबा नेऊन द्यायची आणि विचारायची, चाललं तर चालेल ना?

आता खरं सांगितलं तर वाट जाणार, सगळ्यांची. शपथेवर खोटं बोलले तर माझी सिटिझनशिप. मुलाखत तोंडावर आली होती. मुलगी फोनवर म्हणाली, “आई, जस्ट टेल द ट्रुथ.” तिला सोपं आहे, ती इथली.

शेवटी काकूंना सांगितलं. त्या गाडी चालवत होत्या. म्हणाल्या, “विचारलं तरच सांग. आपण होऊन फराळ वाढायला जाऊ नकोस.”

साक्ष वकिलांच्या ऑफिसात, एका टेबलाभोवती झाली. कंपनीचा वकील अगदी सभ्य. त्याने स्वतः पाण्याचा ग्लास पुढे केला, तेव्हा मी जास्तच घाबरले. त्याने विचारलंच.

“तुम्ही मालकाची परवानगी मागितली होती?”

“हो. दर दिवाळीला.”

शेजारी काकूंनी डोळे मिटले.

“मग ते काय म्हणाले?”

“एक शंकरपाळी तोंडात टाकली आणि म्हणाले, मला कशाला विचारतेस, इथून सगळेच जातात.”

ही परवानगी झाली की नाही, यावर दोघे वकील वाद घालत राहिले. मी तो पाण्याचा ग्लास संपवला.

परतताना गाडीत काकू म्हणाल्या, “आम्हाला कधी दिला नाहीस गं डबा.”

निकाल अजून नाही. या दिवाळीला सवयीने एक डबा जास्तीचा भरला. काकूंकडे न्यायला निघाले, त्यांच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले. कुणाला काही द्यायचं म्हटलं की हल्ली वाटतं, याचं उद्या काय होईल.