पाचशे माणसांचा ठिपका

माझ्या मावशीला डावं-उजवं हे शब्दच मान्य नव्हते. "डावं-उजवं माणसाबरोबर फिरतं, उत्तर फिरत नाही," असं ती म्हणायची. तिच्या घरात मीठ ईशान्येच्या फळीवर असे आणि चपला नैऋत्येला काढाव्या लागत. एखादा पाहुणा हात धुवायला उठला, की ती बसल्या जागेवरून सांगायची, "दक्षिणेला जा आणि मग पूर्वेला वळा." तो बिचारा थेट तिच्या कपड्यांच्या कपाटासमोर जाऊन उभा राहायचा. माझे वडील म्हणत, "मेहुणीकडे जेवायला जाताना भूक नसली तरी चालेल, होकायंत्र हवं."

प्रांताच्या नकाशा कार्यालयात ती नकाशे काढायची. नोकरीला लागली तेव्हा त्या लांबलचक खोलीत ती एकटीच बाई होती, आणि निवृत्तीला आली तेव्हा त्या खोलीत तिला उलट बोलायची कुणाची छाती नव्हती. मी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर छपाई विभागात होते. तिने काढलेला नकाशा वरून खाली माझ्याकडे यायचा, आणि रंग जरा इकडचा तिकडे झाला की ती जिना उतरून माझ्याकडे यायची. त्या चपलांचा आवाज ऐकला की आमचे छपाईवाले आपापल्या यंत्रामागे दडायचे. मीही दडायचे. भाचीला वेगळा न्याय नव्हता.

आमचा प्रांत अवाढव्य. दक्षिणेला समुद्राची पट्टी, तिथे माणसांची नुसती रेटारेटी. मध्ये दोन नद्यांची खोरी, तिथे गावाला लागून गाव. आणि उत्तरेला उंच पठार, प्रांताचा जवळजवळ तिसरा हिस्सा, जिथे वाऱ्याला अडवायला झाड नाही आणि शेजाऱ्याला हाक मारायची तर आधी चालत जावं लागतं. या सगळ्याचा लोकसंख्येचा नकाशा मावशीकडे आला होता. एक ठिपका म्हणजे पाचशे माणसं. किनाऱ्यावर ठिपके इतके दाटले, की तिथे कोळसा सांडल्यासारखं दिसत होतं. पठारावर मात्र बोटाखाली झाकले जातील इतकेच.

हा तिचा शेवटचा नकाशा होता. आमच्या कार्यालयाची एक जुनी रीत होती. नकाशाचे कच्चे छाप सगळ्या खात्यांना पाठवले जात. त्यानंतर त्यात एकही दुरुस्ती निघाली नाही, तर पक्क्या छपाईत काढणाऱ्याचं नाव खालच्या कोपऱ्यात येई. एक जरी दुरुस्ती झाली, तरी नकाशा बिननावाचा छापला जाई. मावशी नाकावर माशी बसू देत नसे, पण इतक्या वर्षांत तिचं नाव काही छापून आलं नव्हतं. कधी एखादं खातं नदीचा फाटा बदलून मागे, कधी वरचा कुणी हद्दीची रेघ सरकवायला सांगे. या वेळी मात्र सगळ्या खात्यांचे होकार आले होते. साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "बाई, घाला नाव." तिने ते घातलं, आणि घरी येऊन मला जेवायला बोलावलं. त्या दिवशी तिने मला चपला कुठेही काढू दिल्या, यावरून काय ते समजा.

मग एके दुपारी पठारावरची नर्सबाई आली. उंच, रापलेली, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. मी शाईचा नमुना दाखवायला वर गेले होते. काचेच्या टेबलाखाली दिवा लागलेला होता, वर नकाशाची मूळ फिल्म, म्हणजे शाईने नकाशा काढलेला पारदर्शक ताव, पसरलेली. नर्सबाईंनी कच्चा छाप उलगडला आणि पठारावरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हा कुणी काढला?"

"मी," मावशी म्हणाली. "छान गोल आलाय ना?"

"इथे कोण राहतं?"

"पाचशे माणसं."

"इथे बदकं राहतात, बाई."

खोलीतल्या सगळ्या पेनांचा आवाज थांबला. मावशीने चष्मा वर केला. नर्सबाई न थांबता बोलत गेल्या. पठारावर एक मोठी दलदल आहे आणि माणसं तिच्या काठाने, चहूबाजूंनी राहतात. चार घरं इथे, सहा घरं तिथे. आत कुणीच राहत नाही, कारण आत पाय ठेवला की माणूस कमरेपर्यंत जातो. आणि ठिपका आहे बरोबर दलदलीच्या पोटात.

"नियम आहे," मावशी म्हणाली. "वस्ती विखुरलेली असली, की ठिपका तिच्या मध्यभागी द्यायचा. मी मध्य तीनदा तपासलाय."

"मध्य बरोबरच आहे हो. पण आरोग्य खात्याने आमचं बाळंतपणाचं केंद्र त्याच ठिपक्यावर मंजूर केलं. जागा बघायला लोक आले, त्यांना चिखल दिसला. त्यांनी लिहून टाकलं, वस्ती आढळली नाही. उद्या बैठक आहे. उद्या ते केंद्र किनाऱ्यावर जाईल." त्यांनी बोट दलदलीच्या काठाकाठाने फिरवलं. "मागच्या थंडीत मी एका अडलेल्या पोरीला फळीवर झोपवून काठाकाठाने ओढत नेलं होतं. बाळ वाचलं. ती नाही."

मावशी फिल्मवरच्या त्या ठिपक्यावर वाकली. 

तेवढ्यात आमचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण कुठलंही घोंगडं भिजत ठेवण्यात हातखंडा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मावशीला खिडकीशी नेलं. मी मुद्दामच त्यांच्या मागोमाग गेले. "बाई, उगाच नाव कशाला घालवता?" ते हळू आवाजात म्हणाले. "आपण असं कळवू, की पाहणीवाले चुकीच्या ठिकाणी गेले. पुन्हा पाहणी होईल. नकाशाला हात लावायला नको."

"पुन्हा पाहणी कधी होईल?"

"होईल की. पुढच्या वर्षी."

"आणि तोपर्यंत केंद्र?"

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

संध्याकाळी मी तिच्याबरोबरच घरी गेले. मला तिच्यासाठी फार वाईट वाटत होतं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. "मावशी, तू नियमाने काढलंस. तुझी चूक कशी? साहेब म्हणतात तसं करू दे ना त्यांना. एवढ्या वर्षांनी एकदा नाव येतंय."

आम्ही तिच्या लहानशा गोल टेबलाशी बसलो होतो. मध्ये मिठाचं भांडं होतं. ते तिने बोटाने टिचकी मारून वाजवलं. "आपण दोघी या टेबलाभोवती बसलोय. उद्या कुणी विचारलं, मावशी-भाची कुठे असतात, तर मी सांगू का, की मिठाच्या भांड्यात?"

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"पाहणीवाले बरोबर जागी गेले होते गं," ती म्हणाली. "मी सांगितलं तिथेच गेले. त्यांच्यावर ढकलायचं म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर. मी आकडे पाहिले, नियम पाहिला, मध्य काढला. तिथे पाणी आहे, हे पठाराच्या जुन्या नकाशावर निळ्या रेघांनी दाखवलेलं होतं. मी पाहिलंही होतं. मला वाटलं, ठिपक्याला कुठे पाय भिजायची भीती?" मग मिठाचं भांडं बाजूला सारत म्हणाली, "नाव हवं होतं मला. खोटं कशाला बोलू? फार हवं होतं."

मी तिचा हात धरला. तिने तो धरू दिला, पण थोडाच वेळ.

दुसऱ्या दिवशी बैठकीच्या आधीच ती कार्यालयात काचेच्या टेबलाशी बसली होती. नर्सबाईंनाही तिने बोलावलं होतं. साहेब धावत आले. "बाई, निदान ठिपका नुसता जरा काठाकडे सरकवा. छोटीशी दुरुस्ती. नावाचं मी बघतो, वर बोलतो."

"कुठल्या काठाकडे?" मावशीने विचारलं.

"कुठल्याही."

"बघा हं," नर्सबाई मध्येच म्हणाल्या, "उत्तर काठाकडे सरकवलात तर दक्षिणवाले मला गावात फिरू देणार नाहीत. त्यांचं एकमेकांशी गवतावरून भांडण आहे. एका ठिपक्यात ते सुखाने नांदायचेच नाहीत."

"मग ठिपका मोडायचाच," मावशी म्हणाली. "पाचशेचा एक काढून पन्नासचे दहा. काठाने, जिथे जिथे घरं आहेत तिथे. खाली टीप देते, लहान ठिपका म्हणजे पन्नास. आणि केंद्र कुठे हवं ते हे दहा ठिपके बघून आरोग्य खात्याने ठरवावं. वस्ती आढळली नाही असं मग कुणी म्हणणार नाही."

"अख्ख्या प्रांतात एकच मोजमाप असतं, बाई. अशी पद्धत नाही."

"नव्हती. आता आहे."

"निवृत्तीला आलात तरी हट्ट काही गेला नाही," साहेब म्हणाले, पण आवाजात राग कमी आणि शरणागती जास्त होती. "बरं. आधी तो ठिपका खोडा. वेळ नाहीये. कोपऱ्यातल्या नावाचं मागून बघू. कदाचित कुणाच्या लक्षातही येणार नाही."

मावशीने खिशातून ब्लेड काढलं. फिल्मवरची शाई खरवडायला आमच्याकडे ब्लेडच वापरतात. हात जरा जड पडला, की फिल्म फाटते. ती उत्तरेच्या ठिपक्याकडे वळेल म्हणून आम्ही सगळे तिकडे वाकलो. तिने खुर्ची मागे सरकवली, टेबलाला वळसा घातला आणि खालच्या कोपऱ्याशी बसली. दिव्याच्या उजेडात तिची अक्षरं काळीभोर दिसत होती. पेन टेकवण्याआधी ती तिने किती वेळा कागदावर गिरवली होती, ते मला माहीत होतं. तिने पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. हात जराही हलला नाही. माझे डोळे भरून आले आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

"अहो बाई, हे मागून..." साहेब म्हणाले.

"मागून केलं तर हात कचरेल," ती म्हणाली.

शेवटचं अक्षर गेलं. काळी पूड तिने फुंकरीने उडवली, फिल्म सरकवून पठार आपल्यासमोर आणलं, बारीक टोकाचं पेन उचललं आणि नर्सबाईंसाठी शेजारचं स्टूल पुढे ओढलं.

"हं, सांगा. पहिलं घर कुणाचं?"