धामणींवर टाकलेलं पातळ

लग्न होऊन सासरी आले तेव्हा मला कुणी सांगितलंच नव्हतं, की धाकटे भावजी धामण पाळतात. मागच्या पडवीत चहाचं मोठं खोकं, वर जाळी, आत ती बया. उंदीर खायची आणि पडून राहायची. तिला विष नसतं हे सगळ्यांनी सांगून झालं, तरी मी तिच्याकडे पाठ करून कधी भांडी घासली नाहीत.

मग बाळ झालं, रांगायला लागलं, आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात भावजींनी शेतातून दुसरी धामण आणली नि त्याच खोक्यात सोडली.

"भावजी, हिला वेगळं खोकं करा ना."

"अगं वहिनी, एकटीला करमत नाही तिला. सोबत नको?"

सासूबाईही त्यांच्याच बाजूने. "जोडी आसा ती. जोडी फोडू नये."

झालं, माझं कोण ऐकतंय! मी आपला जाळीवर जड पाटा ठेवला, म्हटलं आता उचलून दाखवा.

एका रविवारी वाटण वाटायला सासूबाईंनी तो पाटाच आत नेला. मी चुलीपाशी. बाहेर धाडकन आवाज झाला म्हणून दाराशी धावले तर खोकं आडवं, आणि दोन्ही धामणी एकमेकींना दोरखंडासारखा पीळ घालून माझ्या कमरेएवढ्या उभ्या, डुलतायत. पलीकडे बाळ! हसतंय, टाळ्या वाजवतंय, त्यांच्याकडेच रांगत निघालंय. मधे त्या. जाऊ कशी?

सासूबाईंनी मसाल्याचे हात जोडले. "अगो, लगीन लागताहा त्येंचा! नवा कापड टाक वर, घराचा बरा होता!"

दारामागच्या पेटीतून त्यांनी माझं पाडव्याचं पातळ ओढलं, घडीसुद्धा न मोडलेलं, नि माझ्या हातात कोंबलं. मी ते भिरकावलं. तो डोलारा पातळाखाली खाली बसला आणि मी त्याच्यावरून उडी मारून पोराला उचललं. कशी मारली, देव जाणे.

तेवढ्यात भावजी आले. पातळाची कड उचलून शेपट्या बघितल्या आणि पांढरेफटक पडले. "आई, लगीन कसलं! दोघे नर आहेत. मारामारी चाललीय. खोक्यात फुसफुसायचे तेव्हा मला वाटलं, नुसते रुसवेफुगवे आहेत."

सासूबाई कडाडल्या, "मेल्या, सोबत आणलंस ना रे?"

भावजींनी दोघांना पातळातच गुंडाळलं आणि संध्याकाळच्या आत दुसरं खोकं ठोकलं. एक पडवीच्या या टोकाला, एक अंगणापलीकडे आंब्याखाली, दोन्हींना कड्या. मी स्वतः ओढून बघितल्या.

पातळ धुवायला घेतलं तर सासूबाई म्हणाल्या, "धुव नको गो. घडी करून ठेव. भाग्याचा असता."

"पण आई, लगीन नव्हतं ना ते."

"नसांदे. पोर वाचला ना?"

दुपारपासून बाळ माझ्या कडेवरच होतं. एका हाताने घडी काही नीट येईना. शेवटी त्याला खाली सोडलं, तिथेच, पडवीत.