सांगली येईपर्यंत

चाप ओढल्यावर नुसता 'टक्' आवाज आला, की चाचांचा डावा हात वर जायचा. "थांब रं गड्या. गाडी अजून पोचली न्हाई."

मग कंडक्टरसारखी सावकाश गावं पुकारायचे. "म्हसवड... दिघंची... आटपाडी... विटा... तासगाव..." तोवर पिस्तूल समोर टार्गेटकडेच धरायचं. "सांगली" म्हटल्यावरच उघडायचं. न उडालेली गोळी कधी कधी उशिरा उडते, तेवढा वेळ जाऊ द्यायचा, म्हणून ही गावं. घड्याळ बघितलं की नजर हलते, असं त्यांचं म्हणणं. म्हसवड त्यांचं गाव, आणि विश्रामबागेतल्या नेमबाजी क्लबची रेंज, जिथं ते पिस्तुलं दुरुस्त करायचे, ती त्यांची सांगली.

त्यांच्या उजव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं. नवीन पोरं विचारायचीच. "तासगावला उतरलो रं एकदा," ते हसून सांगायचे. फौजेच्या वर्कशॉपात तरुणपणी घाईनं पिस्तूल उघडलं आणि गोळी हातातच फुटली होती.

मी मेढ्याकडचा. नववीत शाळा सोडली, बरीच कामं धरली, सुटली. तिशी उलटल्यावर इथं टार्गेट लावायला लागलो. कधी हाकलतील या भीतीनं मी सारखा झाडत असायचो. चाचांनी झाडू काढून घेतला. "शाळा सोडलीस, ती सोडलीस. आता ह्यो बाक सोडू नको." डबा अर्धा पुढे सारला आणि पिस्तूल खोलून शिकवायला बसले. आज माझ्या हातात जे काम आहे, ते त्या बाकावरचं.

या बावीस बोअरच्या काडतुसात पेटणारा मसाला मधोमध नसतो, कडेला असतो. पिन कडेवर जोरात बसली पाहिजे. चाचा न उडालेलं काडतूस बोटानं चाचपायचे. "वळ खोल हाय? मंग काडतूस वाईट. वळ उथळ? मंग आपलं पिस्तूल आजारी."

त्या हिवाळ्यात बारावीतल्या एका पोरीचं पिस्तूल रोज सकाळी आजारी पडू लागलं. दुपारी ठणठणीत. तिची स्पर्धा तोंडावर आलेली. चाचांनी काडतुसं बदलली, स्प्रिंग बदलली, काजळी खरवडली. रोज संध्याकाळी स्वतः तेल घालून ठेवलं. सकाळी पुन्हा टक्.

एका सकाळी पोरगी वैतागली. टक् झालं, आणि तिनं पिस्तूल वळवून तोंडापाशी आणलं.

"समोर! समोर धर!" चाचा ओरडले. एवढा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. तिनं घाबरून हात लांब केला. चाचांचा हात वर होता, पण ओठातून गाव निघेना. मग मीच पुकारत गेलो, सांगलीपर्यंत. काही झालं नाही. काडतूस मुकाट बाहेर पडलं. वळ उथळ होता.

चाचा बाकावर बसले. तळहात फुलाच्या डोळ्यावर दाबलेला.

मी पिस्तूल खोललं. पिनेच्या भोवती तुपासारखं पांढरं थिजलं होतं. बोटाच्या उबेनं वितळलं, आणि मला एकदम मेढ्याची आठवण झाली. न्हाऊन बसलेली आई, तिचे केस.

मी पिन त्यांच्या नाकाजवळ नेली. "कशाचा वास येतोय, चाचा?"

बराच वेळ हुंगून ते म्हणाले, "तूच सांग."

"खोबरेल."

कपाटात एकसारख्या दोन बाटल्या होत्या. एक मशीनच्या तेलाची, एक भेगाळलेल्या हातांना लावायच्या खोबरेलाची. कागद कधीच निघाले होते. ते वासावर ओळखायचे.

"कोरोनापास्नं वासच न्हाई मला," ते म्हणाले. "येईल परत म्हणून बोललो न्हाई."

"चाचा, मी सांगतो, तेल मी घातलं. नवीन माणूस, चुकला म्हणतील."

"आन् उद्या मी परत घातलं तर? तिचा डोळा तू देनार व्हय?"

त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि क्लबच्या साहेबांना सांगायला स्वतः उठून गेले. साहेब राहा म्हणाले. चाचा राहिले नाहीत.

एसटीत बसवून दिलं तेव्हा खिडकीतून म्हणाले, "आता उलटं जायचं गड्या. सांगली पयली." आणि हसले. "तासगाव आलं की झोपल्याचं सोंग घेतो."

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी हरियाणात, इथल्या रेंजवर लागलो होतो. माती द्यायलाही पोचलो नाही.

इथली थंडी हाडात शिरते. एवढ्या लांब तासगाव कुणाला माहीत असणार? तरी इथली पोरं ती गावं वाकड्यातिकड्या उच्चारात म्हणतात, त्यांना तो मंत्र वाटतो. मी शिकवलाय. तुम्ही कधी आलात तर ऐकाल.

परवा सकाळी एकाच्या पिस्तुलातून नुसता टक् आला. माझा डावा हात वर गेला. म्हसवड, दिघंची, आटपाडी, विटा. पोरं माझ्यामागून म्हणत होती. तासगाव म्हटलं. पाठीमागच्या बाकावरून कुणीतरी उतरायला उठलंय, असं दर वेळी वाटतं. बाक करकरल्याचंही ऐकू येतं.

मी वळून बघत नाही. नजर हलवायची नाही.

"सांगली," मी म्हणतो. "आता उघड."