चरबीचा डाग

तोबियास ट्रेविनबद्दल लिहायला माझ्याहून बरा माणूस हवा होता. पण त्या सकाळी खोली मोजायचं शिसं माझ्याच हातात होतं, म्हणून लिहितो.

ट्रेविन कॉर्नवॉलचा, तारली मासे खारवणाऱ्याचा मुलगा. सहा वर्षं समुद्रावर काढून कप्तानांचे दाखले मिळवले, की लेफ्टनंटच्या परीक्षेला बसता येई. शेवटची दोन वर्षं तो आमच्या जहाजावर होता, कप्तान लॅम्बर्नच्या हाताखाली. सहावं वर्ष भरायला तीन आठवडे उरले होते.

केंटच्या किनाऱ्याला धुकं होतं. शिशाच्या बुडाला चरबी थापून मी ते पाण्यात सोडत होतो, खोली ओरडून सांगत होतो. ट्रेविन वहीत उतरवत होता. सहा वाव पाणी, म्हणजे छत्तीस फूट; मग चार. चरबीला काळी, शिंपल्यांची रेती चिकटून आली. म्हणजे वाळूचा दांडा जवळ. ट्रेविनने चरबीचा तो गोळा पानावरच दाबला आणि कप्तानाकडे धावला. कप्तान दाढी करत होता. म्हणाला, जहाज चालू दे.

जहाज रुतलं. भरतीला सुटलं, पण सुकाणू मोडलं होतं आणि चौकशी होणार होती. कप्तानाने आम्हा दोघांना बोलावलं. हॉस्कनने, म्हणजे मी, दहा वाव ओरडलं असं नवं पान लिहायचं आणि जुनं फाडायचं. मग फटके माझ्या पाठीवर.

"दाखला हवाय ना, खारवणाऱ्याच्या पोरा?"

"हवाय, साहेब."

"मग फाड."

"डाग खालच्या सगळ्या पानांत उतरलाय, साहेब. अख्खी वही फाडावी लागेल. ती मी देणार नाही."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, माझी पाठ जुनी आहे, सोसेल. तो म्हणाला, "पाठ तुझी असेल हॉस्कन, वही माझी आहे."

चौकशीत वही पुढे आली आणि मी वाचलो. लॅम्बर्नला वशिल्याने दुसरं जहाज मिळालं. ट्रेविनला दाखला मिळाला नाही, म्हणून त्याच्याकडची दोन वर्षं धरली गेली नाहीत. सोबतचे त्याला 'हॉस्कनची पाठ' म्हणून चिडवत. दोन वर्षं त्याने दुसऱ्या जहाजावर पुन्हा काढली.

परीक्षेचं त्यानेच मला सांगितलं. सहाच्या जागी आठ वर्षं का, असं परीक्षकांनी विचारल्यावर त्याने जपून ठेवलेल्या वहीतलं ते पान उघडलं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या कप्तानाने डागातली रेती बोटाने चोळली.

"वर सांगूनही कुणी ऐकलं नाही, तर काय करशील?"

"पुन्हा सांगेन, साहेब. आणि लिहून ठेवीन."

म्हाताऱ्याने बोट कोटाला पुसलं आणि पास झाल्याच्या कागदावर सही केली.