बाहेरून लावलेलं कुलूप

एका दुपारी पोटाभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं वाटायला लागलं. सलवारची नाडी सैल केली, तरी पट्टा सुटेना. संध्याकाळी भाजी आणायला निघाले, तर जिन्यात खालच्या मजल्यावरची शेजारीण म्हणाली, "तुही एक चप्पल कुठं गेली वं?" डाव्या पायातली चप्पल निसटलेली मला कळलंच नव्हतं.

सकाळी पाय हलेनात, लघवीही अडकली. नवऱ्यानं आणि त्याच्या मित्रानं मला खुर्चीत बसवून खाली उतरवलं नि धंतोलीच्या हॉस्पिटलात नेलं.

एमआरआय पाहून डॉक्टर म्हणाले, "मज्जारज्जूला सूज आहे."

"कशामुळे?"

त्यासाठी पाठीतलं पाणी काढलं, रक्त तपासलं. काही निघालं नाही. "कधी कधी कारण सापडत नाही," ते म्हणाले. परत होईल का, तेही त्यांना सांगता येईना.

स्टेरॉइडनं पायांत थोडा जीव आला. पट्टा मात्र तसाच राहिला. नंदनवन भागातल्या आमच्या घरी आल्यावर आई म्हणाली, मागचा ताप अंगावर काढलास म्हणून हे झालं. नणंदेला वाटे, गच्चीवर झोपल्यानं. मीही पडल्या पडल्या मागचे दिवस उकरायची. कारण कळलं असतं तर निदान ते टाळता आलं असतं.

एकदा बेल वाजली म्हणून वॉकर घेऊन उठले आणि पडले. तेव्हापासून ऑफिसला जाताना नवरा दाराला बाहेरून कुलूप लावू लागला. "कुलूप दिसलं की बेल वाजवणार नाही कोणी," तो म्हणाला. तो काळजीनंच करत होता. पण कुलूप लागल्याचा आवाज आला की पट्टा आणखी आवळायचा.

मे महिन्यात एका दुपारी लाइट गेली. कूलर बंद पडला. उकाड्यानं माझे पाय आणखी लुळे पडतात. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. जिन्यात पावलं वाजली तशी मी ओरडले.

"कुलूप काहून लावलं वं बाई?" शेजारणीचा आवाज आला. "रडू नको. तुह्या नवऱ्याले फोन लावतो मी."

तो येईपर्यंत ती दाराबाहेर पायरीवर बसून माझ्याशी बोलत राहिली, लेकीच्या सासरचं, लोणच्याच्या कैऱ्यांचं. तो आला तेव्हा घामानं निथळत होता.

"कुलूप नको," मी म्हणाले.

"पुन्हा पडलीस तर?"

"तर पडेन."

शेजारणीनं हात पुढे केला. त्यानं दाराच्या लॅचची जादा चावी तिच्या हातावर ठेवली.

आता बाहेरून कुलूप नसतं, दार नुसतं ओढून लॅचवर असतं. वॉकर धरून मी गॅलरीपर्यंत जाते. जिना अजून उतरता येत नाही. पायाला जराशा मुंग्या आल्या तरी मी जागच्या जागी थांबते आणि बोटं हलतात का ते बघते.