नवरी गाडीत, गाडी पार्किंगमध्ये

माझ्या मेहुणीचं लग्न ब्रेकच्या पेडलजवळच्या एका बोटभर स्विचमुळे चुकता चुकता राहिलं.

मी कामोठ्यात दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवतो. सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी घेतल्यापासून सासरी माझं एकच व्याख्यान चालू होतं. "क्लच नाही, काही नाही! वेग किती, पाय कुठे, सगळं सेन्सर सांगतात आणि गिअर आपोआप पडतो!"

सासरे उरणकडचे, उभा जन्म टेंपो चालवण्यात गेलेला. ते एवढंच म्हणत, "मंग तुमी गाडीत बसता कशाला?"

तर अशा या गाडीतून मेहुणीला, म्हणजे प्रणालीला, कामोठ्याच्या पार्लरमधून शिरढोणजवळच्या हॉलवर न्यायचा मान मी मागून घेतला. (कुणी देत नव्हतं.) मागे प्रणाली शालूसकट बसली, पुढे माझी बायको वैशाली. मी ऐटीत गाडी सुरू केली, ब्रेक दाबला, गिअरचा दांडा ओढला.

दांडा हलेना!

"अहो, चला ना," वैशाली म्हणाली.

"सिस्टिम चेक करतेय."

मी गाडी बंद करून पुन्हा सुरू केली. दांडा पार्किंगवरच घट्ट. तिसऱ्यांदा केली. मग दोन्ही हातांनी ओढला. बाहेर गर्दी जमली. एक रिक्षावाले काका खिडकीत वाकून म्हणाले, "धक्का मारू का?" मी नको म्हणायच्या आत सहा जण मागे लागले. गाडी तसूभर हलली नाही. बॉनेटवरचा हार तेवढा खाली पडला.

"अपशकुन!" प्रणालीने गळा काढला.

"रडू नको! काजळ!" पार्लरवाल्या ताई दारातून किंचाळल्या. "तीन तास लागलेत मला!"

तेवढ्यात सासऱ्यांचा फोन. "जावय, कुठं हाय तुमी? भटजी घड्याळाकडं बघतान."

"आलोच! ट्रॅफिक आहे!" मी म्हणालो.

मागून प्रणाली हुंदके देत ओरडली, "बाबा, ट्रॅफिक नाय, गाडीच बंद पडली!"

मग सासरे म्हणाले, "टेंपो काढतो. तुमी हात लावू नका कशालाच."

नवरी टेंपोतून? जन्मभर ऐकावं लागलं असतं! मी आमचे मेकॅनिक सलीमभाई यांना फोन लावला.

"सर, टेन्शन नका घेऊ. ब्रेक दाबा आणि मागची लाल लाइट पेटते का बघायला सांगा."

रिक्षावाल्या काकांनी मागून निकाल दिला, "अंधार!"

"बस, ब्रेकचा स्विच! सर, तुम्ही पाय दाबला हे तुम्हाला कळलं, गाडीला नाही कळलं. तो स्विच कॉम्प्युटरला खबर देतो की ड्रायव्हरने ब्रेक धरलाय. खबर गेली तरच दांड्याचं लॉक उघडतं. मागची लाइट पण त्याच्यावरच. आता असं करा, दांड्याच्या बाजूला एक छोटं झाकण आहे. ते काढा, आत पिन घालून दाबून धरा, ब्रेकवर पाय ठेवा आणि दांडा ओढा."

"पिन कुठून आणू?"

वैशालीने मागे वळून प्रणालीच्या अंबाड्याकडे पाहिलं. पार्लरवाल्या ताईंनी डोळे मिटून घेतले. एक जाड आकडा निघाला, त्याच्याबरोबर अर्धा गजराही. मी आकडा भोकात खुपसला, श्वास रोखून दांडा ओढला.

खट्!

आम्ही सगळे ओरडलो. सहा धक्कामारूंनी टाळ्या वाजवल्या. प्रणाली रडता रडता हसायला लागली.

"हळू जा सर," फोनवरून सलीमभाई बजावत होते, "तुमचा ब्रेक मागच्याला दिसणार नाही!" म्हणून काका रिक्षा घेऊन आमच्या मागे राहिले आणि पूर्ण रस्ता हॉर्न वाजवत, हात हलवत मागच्यांना दूर ठेवत आले. हॉलच्या दारात सासरे टेंपोत चढतच होते. लेकीला पाहून ते तिथेच पायरीवर टेकले. नुसता माझा हात हातात घेऊन बसले. अक्षता वेळेवर पडल्या. पहिली अक्षता मी इतक्या जोरात टाकली, की ती भटजींना लागली.

जेवणाच्या वेळी सलीमभाई आले, पेडलखाली वाकले आणि मिनिटभरात बाहेर निघाले. "स्विच एकदम ओके. वायरीचा प्लग कुणीतरी ओढून काढलाय. इथं हात कुणी घातला होता?"

मी जिलेबीकडे बघत राहिलो.

"सकाळी मेकअप चालू असताना पार्लरबाहेर व्हॅक्यूम क्लीनर घेऊन हेच तासभर तिथे डोकं खुपसून बसले होते," वैशालीने पंगतभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "नवरीची गाडी चकचकीत हवी म्हणून!"

त्या दिवसापासून घरात, गाडीत, सासरी, कुठेही साफसफाईला हात लावायची मला सक्त बंदी आहे. 'मला या कामातून सोडा' असं गेली बारा वर्षं बायकोला सांगून जे जमलं नव्हतं, ते असं एका झटक्यात जमलं!