नळी निघेपर्यंत

हार्टचं ऑपरेशन झालं की पेशंटच्या तोंडात श्वासाची नळी असते आणि तिचं दुसरं टोक व्हेंटिलेटरला. नळी निघेपर्यंत बोलता येत नाही. तरी आमच्या आयसीयूतले निम्मे किस्से याच काळातले! नाशिकला नर्स म्हणून वीस वर्षं झाली. कामाच्या नोंदी चार्टवर जातात, उरलेलं मी घरी वहीत लिहिते. आता वह्यांनी कपाट भरलंय.

*

मनमाडचे एक रिटायर्ड स्टेशन मास्तर. नळी काढण्याआधी पेशंट स्वतःच्या दमावर श्वास घेतो का, हे आम्ही अर्धा तास बघतो. तसं त्यांना सांगितलं. घड्याळाकडे बघत ते शांतपणे श्वास घेत राहिले. अर्धा तास संपला, पण नळी काढणारे डॉक्टर, आमचे सर, नेमके शेजारच्या बेडवर अडकले. मास्तरांनी खुणेनं लिहायची पाटी मागितली आणि लिहिलं, "दोन मिनिटं लेट. कारण कळवा."

*

अंबडच्या कारखान्यातले एक सुपरवायझर. गुंगी पुरती उतरली नव्हती, तोच व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला. मी वळेपर्यंत त्यांनी हात लांबवून तो बंदही केला! मग पाटीवर लिहिलं, "मशीनवर ऑपरेटर कोण?"

मी दोन पावलांवर सलाइन बदलत होते. मेमो मिळाल्यासारखं वाटलं.

*

नळी निघाली की छातीशी उशी धरून जोरात खोकावं लागतं, नाहीतर कफ साठतो आणि नळी परत घालायची पाळी येते. विंचूरच्या पन्नाशीतल्या एक बाई काही केल्या खोकेनात. नुसता डोक्यावरून पदर ओढायच्या. शेवटी लक्षात आलं, पायथ्याशी त्यांचे सासरे उभे होते.

आजोबांना बाहेर बसवलं. बाई अशा खोकल्या की दाराबाहेरचा वॉचमन आत डोकावला.

बाहेर आजोबा म्हणाले, "तीस वर्षांत आज पहिल्यांदा आवाज ऐकला सूनबाईचा."

*

आणि आबा. येवल्याकडचे, उभा जन्म बैलबाजारात दलाली केलेले. त्यांची नळी काढायचा प्रयत्न दोनदा फसला होता. तिसऱ्यांदाही फसला तर गळ्याला छिद्र पाडावं लागणार, हे सरांनी मुलाला सांगून ठेवलं होतं. मुलगा रडकुंडीला आलेला.

त्या सकाळी आबांचे आकडे बरे होते. पण सर धास्तावलेले. म्हणाले, "आज राहू द्या, उद्या बघू."

आबांनी सरांचा हात धरला आणि चादरीखाली ओढला. सर दचकले.

मुलगा म्हणाला, "हात काढू नका सर. आबा सौदा करतायत. बैलबाजारात असाच होतो, रुमालाखाली बोटं दाबून. एक बोट म्हणजे एका तासानं नळी काढायची, असं धरा."

आबांनी एक बोट दाबलं. सर माझ्याकडे बघायला लागले, मी मॉनिटरकडे. मग सरांनी चार बोटं दाबली. आबांनी मान हलवली आणि दोन दाबली. चादर बराच वेळ हलत होती. अखेर तीनवर सौदा ठरला.

तीन तासांनी अर्ध्या तासाची परीक्षा घेतली. आबा पास! नळी काढली. आबा खोकले, दम टिकला. मुलानं डोळे पुसले. सर उशाशीच उभे होते.

आबांनी मुलाला खुणेनं जवळ बोलावलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "डॉक्टरला सांगू नको. म्या पाचालाबी तयार व्हतो."